कामाचा खर्च

"हे चालत नाही हो," म्हणत अकाउंट्सच्या कुलथेसाहेबांनी ऋजुताने करसवलतीसाठी दिलेली पाळणाघराची पावती तिच्याकडे परत सरकवली. पावतीच्या कोपऱ्यावर लेकीची लाळ अजून ओली होती.

"तिला तिथे ठेवते म्हणून तर मी कामावर येते, साहेब. मग हा कामाचाच खर्च ना?"

"मूल तुमचं, खर्च घरचा." आवाज खाली आणून त्यांनी ड्रॉवरमधून कोऱ्या पावत्यांचं पुस्तक काढलं. "त्यापेक्षा ड्रायव्हरचा पगार दाखवा. सगळेच दाखवतात. टॅक्स वाचेल."

"माझ्याकडे गाडीच नाही. बसला लोंबकळत येते मी."

"कोण बघायला येतंय? कुणाचंही नाव टाका, सही तुम्हीच ठोका."

ऋजुताची कानशिलं तापली. रडणाऱ्या लेकीच्या मुठीतून ओढणी सोडवून ती सकाळी निघाली होती. तो खर्च खोटा आणि हा ड्रायव्हर खरा! तिने ड्रायव्हरच्या नावापुढे ठसठशीत अक्षरांत 'कुलथे' लिहिलं आणि पुस्तक त्यांच्यापुढे आपटलं.

"करा सही."

"वेड लागलंय का? मी खोटी सही करू?" कुलथे असे ओरडले की सगळं ऑफिस वळून बघायला लागलं.

"का? माझ्याकडून मागताना लाज नाही वाटली?"