पंपाचं रडणं आणि दोन कॅरेट वांगी

किल्ली फिरवली की गाडीच्या मागच्या सीटखालून बारीक कण्हल्यासारखा आवाज यायचा. गुलाबरावांनी किल्ली बंद केली, दहापर्यंत आकडे मोजले आणि पुन्हा फिरवली. आवाज तोच. इंजिन सुरू झालं, पण ॲक्सिलरेटर दाबला की गाडी ठसकायची आणि मागचं रडणं आणखी चढायचं.

कालपर्यंत गाडी अशी नव्हती, हे गुलाबरावांइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. काल दुपारी मोबाईलवर एक व्हिडिओ तीनदा पाहून, गाडीखाली उताणं झोपून, पेट्रोलचा फिल्टर त्यांनी स्वतःच्या हातांनी बदलला होता. रिसोडच्या मिस्त्रीकडे कायले जा लागते, असं ते बायकोला दोनदा आणि शेजारच्या मळ्यातल्या फुलसिंगला एकदा ऐकवून आले होते.

मागच्या सीटवर पहाटे तोडलेली दोन कॅरेट वांगी होती. मेडशीला लेकीच्या सासरी आज गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांचं जेवण होतं, साठ माणसांचं. भाजीला वांगी आपल्या मळ्यातली, असं गुलाबरावांनी भरल्या बैठकीत सांगून टाकलं होतं. त्यावर व्याही उकंडराव हसून म्हणाले होते, "तुमच्या गाडीचा भरोसा हाये ना? का जीप पाठवू?" ते हसणं गुलाबरावांना अजून बोचत होतं. आता साडेआठ झाले होते, आणि अकराला तिकडे भाजी चुलीवर चढायची होती.

त्यांनी रिसोडच्या गोविंदसिंग मिस्त्रीला फोन लावला आणि किल्ली फिरवून मोबाईल मागच्या सीटजवळ धरला.

"आयकू आला काय?"

"आला. पेट्रोलचा पंप गेला तुमचा. टाकी उतरवा लागते, उद्या घेऊन या."

"फिल्टर बदलल्याबरोबर पंप कसा काय गेला?"

"फिल्टर कोनं बदलला?"

गुलाबरावांनी फोन कापला. मग नाइलाजाने उकंडरावांचा नंबर काढला आणि त्या नावाकडे बघत राहिले. जीप मागवायची म्हणजे जन्मभराचं ऐकून घ्यायचं.

"थांबा," ओट्यावरून गोजराबाई म्हणाल्या. व्याह्यांकडे जायचं म्हणून नवी साडी नेसून त्या केव्हाच्या तयार होत्या. "तो फोन नका लावू. किल्ली फिरवा आंदी."

विहिरीवरची मोटर रोज पहाटे सुरू करणं हे गोजराबाईंचं काम. पाणी घटलं, व्होल्टेज पडलं, ठिबकच्या नळीत कचरा अडकला, सगळं त्यांना नुसत्या कानांनी कळायचं. त्या वांग्यांच्या कॅरेटमध्ये डोकं घालून वाकल्या आणि ऐकू लागल्या.

"हे मोटर बिघडली म्हनून नाई रडून राह्यली. तिले पुढे वाट नाई."

"अवं, हे गाडी हाये. विहीर नाई."

"मोटर तं हाये ना? मांगच्या साली तुमी ठिबकचा फिल्टर उलटा बसवला, तवा आपली मोटर अश्शीच कन्हत होती. आठ दिवस मले म्हनत होते, तू जाळली, तू जाळली. याद हाये का?"

गुलाबरावांना चांगलं आठवत होतं. ते विसरायला त्यांनी मेहनत कमी घेतली नव्हती.

त्यांनी गुपचूप बॅटरीची तार काढली, पोतं अंथरलं आणि धुतलेल्या पांढऱ्या शर्टासकट गाडीखाली सरकले. फिल्टरवर पेट्रोल वाहण्याची दिशा दाखवणारा बाण होता. पेट्रोल टाकीत असतं, म्हणून बाण टाकीकडे, असा हिशेब त्यांनी काल केला होता. गेल्या वर्षी पाणी विहिरीत असतं म्हणून बाण विहिरीकडे केला होता, तोच हिशेब.

"बान कोनीकडे हाये?" वरून आवाज आला.

गाडीखालून आधी पान्हा खाली पडल्याचा आवाज आला.

"टाकीकडे," गुलाबराव म्हणाले.

गोजराबाई ओट्यावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

तासाभराने फिल्टर सुलटा बसला. गुलाबरावांची बाही पेट्रोलने भिजली होती आणि पाठ मातीने भरली होती. किल्ली फिरवली. पंप दोन क्षण गुणगुणला आणि गप्प झाला. इंजिन असं सुरू झालं, की गुलाबरावांना गाडीच्या बॉनेटवरून हात फिरवावासा वाटला, आणि त्यांनी तो फिरवलाही. शर्ट बदलायला वेळ नव्हता.

"उकंडराव इवायानं शर्ट पाह्यला तं काय सांगान?" वाटेत गोजराबाईंनी विचारलं. गाडीच्या आवाजाकडे गुलाबरावांचं फारच लक्ष होतं.

मेडशीच्या शेतात गाडी शिरली तेव्हा अकराला दहा कमी होते. गोवऱ्यांचा धूर चढला होता, रिकामी कढई वाट बघत होती. उकंडराव चार माणसं घेऊन पुढे आले. वांगी पाहून खूश झाले, मग त्यांची नजर शर्टावर गेली.

"काय हो इवाई, बिघडली होती वाटते? मी म्हनलंच होतं!"

"बिघडली नोती. फिल्टर म्या उलटा बसवला होता."

"मंग? मिस्त्री कोठून भेटला इतक्या जल्दी?"

"संगच आनला," गुलाबराव म्हणाले आणि गाडीला वळसा घालून त्यांनी पलीकडचं दार उघडून धरलं. गोजराबाई पदर सावरत खाली उतरल्या.