नावाचा रकाना

शेवटचा फॉर्म भरून झाला आणि विमलने पेनाला टोपण लावलं. साळूबाई, वय सव्वीस. मुलं तीन, हयात तीन, मृत शून्य. असे सहाशे अकरा फॉर्म झाले होते. वाटूरच्या पलीकडची नऊ गावं आणि त्यांच्या वस्त्या चार महिने पायांखाली घातल्या तेव्हा कुठे हा गठ्ठा जमला होता. तो आता बाहेर जीपमध्ये होता, आणि ड्रायव्हर भुजंगला दुपारच्या आत जालना गाठायचं होतं. तिथून गठ्ठा पुण्याला, संस्थेचे प्रमुख भालचंद्र सर यांच्या टेबलावर जाणार. सोमवारी समितीची बैठक होती. संस्थेतली संशोधकाची एकुलती एक कायम जागा त्याच बैठकीत विमलला मिळणार, हे सर तिला फोनवर दोनदा म्हणाले होते.

अहवाल तिने कालच लिहून ठेवला होता. आजची दोन-चार घरं आकड्यांत काही फरक पाडणार नव्हती. आडबाजूच्या वस्त्यांवरच बालमृत्यू सर्वांत कमी, असा निष्कर्ष निघाला होता. रस्ता नाही, दवाखाना नाही, तरी कमी. तिचं तिलाच नवल वाटलं होतं, पण आकडे तसंच सांगत होते. नव्या नर्सा कुठे नेमायच्या हे समिती याच आकड्यांवरून ठरवणार होती.

साळूबाई उठली आणि भरलेली कळशी उचलायला वाकली. ओसरीवर बसलेल्या तिच्या सासूने, गोजरबाईने, तिला हटकलं.

"ठेव ती. पाचवं बाळंतपण हाये तुझं, जरा जिवाला जप."

विमल उठता उठता थांबली. तीन मुलं आणि हे पोटातलं चौथं. तिने मनात पुन्हा मोजलं. आकडा चारच्या पुढे जाईना. पाचवं कसं, असं तिने विचारलं, तर सासूला तिचा प्रश्नच कळेना. मधलं एक नवव्या दिवशी गेलं, म्हातारी म्हणाली, कोणी बाजाराला गेल्याचं सांगावं तितक्या सहज.

"साळूबाई, मग मघाशी बोलला का नाहीत?"

"तुमी नावं इचारून राह्यल्या होत्या," साळूबाई म्हणाली. "तिचं बारसंच झालं न्हाई. मंग कोणतं नाव सांगू?"

फॉर्म विमलनेच बनवलेला होता. जुन्या फॉर्मात सुरुवातीलाच मेलेल्या मुलांची चौकशी असायची आणि बाया तोंड मिटून घ्यायच्या. म्हणून तिने युक्ती काढली. आधी मुलांची नावं विचारायची, मग एकेका नावापुढे हयात की मृत ते लिहायचं. बाया मोकळेपणाने बोलू लागल्या आणि सरांनी तिची पाठ थोपटली. बाराव्या दिवसाच्या आत गेलेलं लेकरू या फॉर्ममधून अलगद निसटतं, हे एवढं शिकलेल्या दोघांच्या ध्यानात आलं नव्हतं. मोठ्या गावात निदान दवाखान्याचा कागद तरी दिसायचा. वस्तीवर कागद कुठला.

एखादंच असं असेल, तिने स्वतःला समजावलं. एक फॉर्म दुरुस्त करायला वेळ तो कितीसा लागतो. तरी तिची पावलं शेजारच्या कुडाकडे वळली. पलीकडून सत्यशीला डोकावत होती. तिचा फॉर्म परवाच भरला होता, मृत शून्य. बारशाच्या आधी तुमचं कोणी गेलं का, विमलने विचारलं. सत्यशीलेने दोन बोटं वर केली आणि हनुवटीने पुढचं घर दाखवलं.

"चांगुणाबाईचं बी हाये एक. तिला बी पुसा."

बाहेर हॉर्न वाजला. भुजंग जल्दी करा म्हणत होता. गठ्ठा आज गेला नाही तर जागा दुसऱ्याच्या हाती जाणार, हे विमलला लख्ख दिसत होतं. घरी वडिलांनी चार लोकांना सांगूनही टाकलं होतं. आत्ता गप्प बसावं, एकदा आपण कायम झालो की हेच काम पुन्हा नीट करावं, असं मनात आलं आणि मनाला ते पटलंही. पण तोवर नर्सा दुसऱ्या गावांना गेलेल्या असत्या, आणि साळूबाईला सातवा महिना लागला होता. विमलला भीती वाटत होती. तशीच ती जीपपाशी गेली.

"भुजंगभाऊ, गठ्ठा उतरवा."

"मॅडम, तिकडं सायब वाट बघून राह्यले."

"वाटूरला बूथवरून त्यांना फोन करते. माझंच चुकलंय म्हणून सांगते."

भुजंगने एकदा तिच्याकडे, एकदा घड्याळाकडे पाहिलं आणि गठ्ठा ओसरीवर आणून ठेवला. विमल तिथेच खाली बसली. साळूबाईचा फॉर्म मांडीवर घेऊन तिने शून्य खोडलं आणि एक लिहिला. बाळाच्या वयापुढे तिने नऊ दिवस लिहिलं. मग नावाच्या रकान्यात आडवी रेघ ओढायला पेन टेकवलं.

"थांबा बाई," साळूबाई म्हणाली. सासूकडे पाठ करून ती विमलला खेटून बसली. तिचा आवाज एकदम खाली आला होता. "नाव आत्या ठेवती, आईला कोण पुसतं. पर नऊ दिवस मी तिला हाक मारत होते. लिवा, कावेरी."