चौथीची शिफारस

सगळ्यांनी ‘मठ्ठ’ ठरवलेला धाकटा राजपुत्रच शेवटी राज्य मिळवतो, ही परीकथा ब्रिंकमानबाईंनी वर्गात रंगवून सांगितली. “मग, काय शिकलो आपण?”

“कुणालाही आधीच कमी लेखायचं नाही!” एल्मास सगळ्यांच्या आधी ओरडली. बाईंनी तिच्याकडूनच ते फळ्यावर लिहून घेतलं.

आमच्याकडे जर्मनीत चौथीनंतर कुणी विद्यापीठाच्या वाटेची शाळा धरायची आणि कुणी हातकामाची, हे वर्गशिक्षिकाच सुचवते. दुपारी बाईंनी एल्मासच्या आईला बोलावलं. “मार्क चांगलेत हो तिचे. पण तुमच्या घरी जर्मन बोलतं कोण? झेपायचं नाही तिला. हातकामाचीच शाळा बरी.”

आईने शिफारशीवर सही केली. फळ्याकडे बघत एल्मासने विचारलं,



“बाई, त्या धाकट्या राजपुत्राला चौथीत कोण बाई होत्या?”