सहा गुलाब

'पुनरावृत्ती म्हणून पाच नोंदी वगळल्या.' पडद्यावरची ओळ निशातनं तिसऱ्यांदा वाचली. खाली निकाल होता. हलदीटोला गट, तालुका एटापल्ली, सन २००३: जन्म एकोणपन्नास, नवजात मृत्यू एक.

टेबलाच्या पलीकडे रंभाबाई बसल्या होत्या. गटातल्या चार टोल्यांमधला, म्हणजे चार छोट्या वस्त्यांमधला, प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू त्या पायी फिरून रजिस्टरात लिहीत. आज पहाटेच्या एसटीनं त्या चंद्रपूरला, निशातच्या सर्वेक्षण कार्यालयात आल्या होत्या, यादीत आपला गट आला की नाही ते ऐकायला. हजारी साठच्या वर मृत्यू असलेल्या गटांना बाळांसाठी एक खोली, एक नर्स आणि उबेची पेटी मिळणार होती. यादी चार वाजता फॅक्सनं मुंबईला जायची होती. साडेतीन झाले होते.

"आलं का आमचं नाव?"

"रंभाबाई, तुमच्याकडं मृत्यू किती?"

"सहा. सांगतलं ना."

"मशीन एकच दाखवतंय."

"मंग त्याले पाठवा आमच्याकडं. खड्डे दाखवतो मी त्याले."

निशातनं रजिस्टर ओढून घेतलं. सहा मृत्यू, सहा तारखा, सहा आया. नावाच्या रकान्यात मात्र सहाही ठिकाणी एकच नाव, गोल, सावकाश काढलेल्या अक्षरांत: गुलाब.

"सगळेच गुलाब?"

"तुमीच तं म्हनलं होतं, बाई. मागच्या साली नावाचा रकाना कोरा ठेवला, तं मशीननं अख्खी ओळच गिळली. तुमी म्हनलं, कोरं ठेवू नोका, काईबी टाका."

ते निशातनं ह्याच टेबलावर म्हटलं होतं.

"बारसं व्हाच्या आदी गेलेल्या लेकराले नाव कुठून राहीन? अन् जित्या मानसाचं नाव मेलेल्याले देत नाईत आमच्याकडं. चारी टोल्यात गुलाब नावाचं कोनीच नाई. घरोघरी इचारलं मी. म्हनून तेच टाकलं."

काही गटांत रंभाबाईंसारख्या दोघी कार्यकर्त्या होत्या आणि कधी कधी एकाच बाळाची नोंद दोघी करत. आईचं नाव एकीकडे सुगंधा, दुसरीकडे सुगंदा. त्यावर तोडगा म्हणून प्रकल्पप्रमुख अजय सरांनी प्रोग्राममध्ये एक ओळ घातली होती. गट तोच आणि बाळाचं नाव तेच असेल, तर बाळ तेच. पहिली नोंद ठेवायची, बाकीच्या गाळायच्या.

निशातनं त्या ओळीत मृत्यूची तारीख जोडली आणि काम पुन्हा नागपूरला पाठवलं. तिथं एकमेकांना जोडलेले सोळा संगणक होते. विदर्भातल्या बऱ्याच संशोधन संस्था टेलिफोनच्या तारेवरून आपापली आकडेमोड त्यांच्याकडे पाठवत आणि रांगेत थांबत. पडद्यावर उमटलं: तुमचा क्रमांक ३७. उत्तर उद्या दुपारपर्यंत.

अजय सर छापील यादी हातात घेऊन आत आले. "झालं का, मॅडम? आता काऊन डोकं लावून राह्यल्या?"

"सर, हलदीटोला चुकलंय. एक नाही, सहा आहेत. पाच गाळले तेव्हा त्यांचे जन्मही गेले. चोपन्नात सहा, म्हणजे हजारी एकशे अकरा होतात. यादीत सगळ्यात वर जाईल तो गट."

सरांनी रजिस्टरात डोकावलं आणि ते मोठ्यानं हसले. "वा, रंभाबाई! बगीचाच लावला तुम्ही तर."

साहेब हसले म्हणून रंभाबाईही थोडं हसल्या.

"उद्यापर्यंत थांबा, सर. रांगेत लावलंय मी."

"मुंबई थांबते का आपल्यासाठी?"

"मग हातानं दुरुस्त करू. एक आणि पाच, सहा."

"अहवालात काय लिहिलं आहे आपण? तुम्हीच टाईप केलं. एकही आकडा हातानं बदललेला नाही. एकीचा बदलला की उद्या सगळ्या रजिस्टरं घेऊन दारात उभ्या." त्यांनी यादी सरळ केली. "आणि पाच गाळले, म्हणजे प्रोग्राम बरोबरच चालला. चूक रजिस्टरात आहे. पुढची यादी तीन वर्षांनी निघेल. तेव्हा वेगवेगळी नावं टाका, रंभाबाई."

ते शेजारच्या खोलीत गेले.

"तीन वर्सं?" रंभाबाईंनी विचारलं. "माह्या पोरीले, चंचलले, सातवा चालू हाय, बाई."

शेजारून फॅक्सची लांब शिट्टी आली. मग कागद आत ओढला जाण्याचा आवाज.

रंभाबाई तो आवाज थांबेपर्यंत ऐकत राहिल्या.

"एक ठेवला म्हनता. कोनचा ठेवला त्यानं?"

निशातनं नोंद उघडली. "पहिला." आणि मग वाचावंच लागलं. "आई, चंचल."

रंभाबाईंनी रजिस्टर आपल्याकडे वळवलं. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि तसंच ठेवून त्या बसल्या. मग शेजारच्या दाराकडे एकदा पाहून त्यांनी आवाज खाली आणला.

"मंग हा काढा, बाई. माह्याच घरचा हाय, मी काई म्हननार नाई. त्या पाच जनीचे ठेवा."

पडद्यावर रांगेतल्या ३७ चे ३६ झाले.