कच्चा पत्रा

"बोल्टच्या रांगेवरूनच चाल गं! खाली आधाराचा लोखंडी अँगल असेल तिथंच पाय दे!" नवरा अंगणातून ओरडला.

सिमेंटच्या पत्र्यातून पडून त्याचा पाय कायमचा गेला, तेव्हापासून लोकांची छपरं दुरुस्त करायला वेणू चढायची आणि तो खुर्चीत बसून शिकवायचा. मध्येच, जिच्या घराचं काम असेल त्या मालकिणीला सांगायचा, "माझी चूक नव्हती, वहिनी. पत्राच कच्चा निघाला."

उन्हं कलली तेव्हा वेणूनं शेवटचा बोल्ट आवळला. खांदे भरून आले होते. रांगेनं जायचं तर शिडीपर्यंत मोठा वळसा होता; तिरकं गेलं की लगेच खाली. तिचा पाय आपसूक रांगेबाहेर पडू लागला.

तिनं तो झटक्यात मागं घेतला आणि तिथंच बोल्टच्या रांगेवर टेकली. नवरा पडला तेव्हाही संध्याकाळच होती. सगळं ठाऊक असलेला माणूस त्या दिवशी असाच दमला असणार.

वळसा घालून ती उतरली. मालकिणीनं पाण्याचा तांब्या पुढं केला. "जपून गं बाई. यांचा पत्रा खरंच कच्चा होता?"

नवरा कुबडीच्या टोकाकडे बघत राहिला.

"हो ना," वेणू घोटभर पाणी पिऊन म्हणाली. "हात लावला तरी फुटेल असा."