सकाळी सातचं माप

"काका, पायावर पाय नको," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि मध्ये बोलू नका. घरी रोज मोजता ना?"

बेकरीवाल्याने पाय खाली घेतला. दंडावरचा पट्टा आवळला आणि सैल पडला. आकडा चांगला आला, तरी डॉक्टरबाईंच्या कपाळावर आठी पडली.

रक्तदाबाच्या एका नव्या औषधावर इस्पितळात संशोधन चालू होतं आणि त्यात त्याचं नाव होतं. रोज सकाळी सातला घरी दाब मोजायचा, एवढी एकच अट. आकडा यंत्रातून परस्पर इस्पितळात जाई. मापं चुकली की नाव कमी. पण सातला तो भट्टीसमोर असे. मग पहिल्याच आठवड्यापासून बायको रोज पट्टा स्वतःच्या दंडाला बांधू लागली. यंत्राला हात हवा, तो कुणाचा हे त्याला काय कळतंय, असं तिचं म्हणणं. तुमचं घोरणं ऐकते, तुमचा दाबही मीच मोजते, असंही वर म्हणाली होती. दोघं हसली होती.

डॉक्टरबाईंनी संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला. घरच्या आकड्यांची रेघ चढत गेली होती. ती पाहूनच त्यांनी त्याची गोळी दोनदा वाढवली होती. हल्ली भट्टीपुढे चक्कर येते, हे त्याने त्यांना सांगितलंही होतं.

त्यांना कोडं पडलं होतं. गळ्यापासून मांडीपर्यंत नाडीची लाट किती वेगात जाते, ते मघाशी तपासून झालं होतं. धमनी कडक झाली की लाट जोरात धावते. त्याची आरामात जात होती. अंगात मीठ धरून ठेवणारं, दाब चढवणारं ते संप्रेरकही रक्तात बेताचंच निघालं.

"धमन्या पोरासारख्या आहेत तुमच्या," त्या म्हणाल्या. "मग घरीच काय होतं? काकूंना घाबरता की काय?"

तो हसला. त्या हसल्या नाहीत. सकाळी मानेच्या वर, मागून डोकं ठणकतं का, त्यांनी विचारलं. डोळ्यांपुढे अंधारी येते का? उजेड खुपतो का?

नाही म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि त्याला बायको आठवली. स्वयंपाकघराचा पडदा हल्ली दिवसभर ओढलेला असतो. डोक्याला फडकं करकचून बांधून ती चहा करते. वय झालं म्हातारे, असं कालच तो तिला म्हणाला होता.

"असा दाब राहिला तर डोक्यातली शीर कधी फुटेल सांगता येत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हे आकडे ज्याचे, त्याला मी आज घरी पाठवणार नाही."

तो उठला. त्यांनी हाक मारली तरी थांबला नाही.

बाहेर बाकावर, त्याच्यासोबत आलेली ती खिडकीकडे पाठ करून, डोळे मिटून बसली होती. त्याने तिचा हात धरला. चार माणसांत हात धरायला आजच सुचलं का, असं ती पुटपुटली, पण उठली. उठताना तिने भिंतीचा आधार घेतला.

आत आणून त्याने तिला आपल्या खुर्चीत बसवलं. कणीक तिंबणाऱ्या बोटांनी तो तिची बाही वर सारू लागला. मग तिनेच ती सारली. पट्टा नेमक्या जागी गुंडाळला, नळी हाताच्या आतल्या बाजूला घेतली. पाठ खुर्चीला टेकली, दोन्ही पावलं जमिनीवर सपाट ठेवली, हात टेबलावर छातीच्या उंचीला आणला. हे सगळं कुणी न सांगता.

डॉक्टरबाई तिच्या पावलांकडे बघत राहिल्या. मग पडद्यावरच्या रेघेकडे. त्यांनी बटण दाबलं.

"डॉक्टरबाई," तो म्हणाला, "चूक माझी..."

बायकोने डोळे न उघडताच दुसरा हात वर केला.

"अहो, गप्प बसा. माप चालू आहे."