घरचा वास

“हे नको भाऊ. ते मागचं द्या,” मनकर्णा म्हणाली.

मुखरूनं हातातलं काळं पिल्लू खाली ठेवलं. चौघांत तेच तेज होतं, वाळकं पान हललं तरी भुंकायचं. तिनं बोट दाखवलेलं तांबूस पिल्लू आईच्या पोटाशी टेकून या नव्या बाईकडं नुसतं बघत होतं.

“ते काऊन? ते आधी हुंगते, मंग भुंकते. धानातले डुकरं हाकलाच्या कामाचं नाई ते.”

“मले डुकरं नाई हाकलाचे. घरी सोबत पाहिजे. उगाच भुंकलं का शेजारी धावून येतात.”

मुखरूची कुत्री पोंभुर्ण्याच्या साऱ्या टापूत नावाजलेली होती, आणि त्याचा हट्टही. पिल्लू स्वतः भात खायला लागल्याशिवाय तो त्याला आईपासून तोडायचा नाही. दारुड्याला द्यायचा नाही. दिवसभर खुंटीला बांधून ठेवणाऱ्याला तर दारातही उभा करायचा नाही. मुखरूनं जावईसुद्धा एवढा पारखून केला नाही, अशी लोक त्याची चेष्टा करत. त्यात थोडं खरंही होतं.

मनकर्णाला मात्र त्यानं फार विचारलं नाही. तिची गोष्ट सगळ्यांनाच ठाऊक होती. तिचा नवरा वारलू यानं जंगलाच्या ठेकेदाराच्या मुकादमाचं डोकं फोडलं आणि तो रानात पळाला. चांद्याहून शिपाई आले, घराची झडती झाली. मग एक दिवस नाल्याकाठी त्याचं रक्तानं माखलेलं, फाटकं धोतर सापडलं. शिपायांच्या आधी वाघ पोचला, असं लोक म्हणाले, आणि शिपाई परत गेले.

तेव्हापासून दिवेलागणीनंतर तिच्या दारात कोणी पाऊल टाकत नसे. वाघानं नेलेला माणूस अंधार पडला की आपल्या घराकडं येतो, असं तिकडं सगळेच मानत. मुखरूही मानायचा. वर्ष होत आलं होतं, आणि ही बाई रोजची संध्याकाळ एकटीनं काढत होती.

“खायाले काय देसान?” त्यानं विचारलं.

“मी खातो तेच. मासोळी भेटली तर मासोळी.”

“मंग येक काम करा. घरच्या माणसाचं येखांदं कापड आणून द्या. पिल्लू त्याच्यावर निजन, वास ओळखीचा होईन. त्या वासाच्या माणसावर ते कधीच भुंकत नाई. बाकी साऱ्या दुनियेवर भुंकते.”

पुढच्या बाजारी ती कापड घेऊन आली. ती बाप्याची बंडी होती.

“बाई, हे वारलूची ना?”

“हो.”

“तुमचं लुगडं आणा ना. गेलेल्या माणसाच्या वासाचं पिल्लाले काय काम?”

“माहा वास तं त्याले रोजच भेटन,” ती खाली बघत म्हणाली. “हेच राहू द्या भाऊ.”

मुखरूनं बंडी हातात घेतली. तिला घामाचा आणि विडीचा वास येत होता. बाईनं ती अजून धुतलीसुद्धा नाही, हे मनात आलं आणि त्याला भडभडून आलं.

“माही बायको गेली तवा पोरीनं तिचे सारे लुगडे धुऊन टाकले,” तो म्हणाला. “मी बोललो नाई. पन घर त्या दिवशी रिकामं झालं.”

मनकर्णाला त्याच्याकडं बघवेना. ती तशीच उठून गेली.

पिल्लू मुखरू स्वतः पोचवायचा, घर बघितल्याशिवाय द्यायचं नाही म्हणून. पिल्लू बंडीवर चांगलं रुळल्यावर एका दुपारी त्यानं त्याला बंडीसकट झोळीत घातलं आणि निघाला. वाटेत ते गाडीवानावर भुंकलं, तलावाच्या पाळीवर जाळं सुकवणाऱ्या झिंगू कोळ्यावर भुंकलं, मनकर्णाच्या शेजारणीवर तर घसा बसेपर्यंत भुंकलं. मुखरूला धन्य वाटलं.

घर गावाच्या टोकाला होतं, परसामागच्या काटक्यांच्या कुडाला लागूनच रान. अंगण सारवलेलं, पाण्याचं मातीचं भांडं सावलीत. मुखरूचं समाधान झालं. चुलीवर भाताचं मोठं पातेलं होतं.

“पिल्लू येवढं खात नाई बाई,” तो हसून म्हणाला.

“वाढतं आंग हाये, खाईन.” तिनं आभाळाकडं बघितलं. “दिवेलागणीच्या आत निघा भाऊ. लोकायची जीभ कोन धरन?”

जाताना त्यानं पिल्लाच्या पाठीवरून हात फिरवला. या बाईला निदान एक जीव सोबतीला झाला, असं वाटून त्याला बरं वाटलं. आपल्या घरी आता कोण वाट बघणार, हेही वाटलं.

तलावाची पाळ ओलांडल्यावर झोळीत काहीतरी मऊ हाताला लागलं. बंडी आतच राहिली होती. तिच्याशिवाय पिल्लू नव्या घरात निजायचं नाही, रडून रडून बेजार होईल. मुखरूनं मावळतीकडं बघितलं. भीती वाटली. तरी तो फिरला.

तो घराच्या बाजूच्या कुडाशी पोचला तेव्हा नुकताच दिवा लागला होता. पिल्लू परसात उभं होतं, कान टवकारून. मागच्या कुडाचं फाटक कोणीतरी बाहेरून उचलत होतं. वाकून एक माणूस आत आला. वाऱ्यावर विडीचा वास आला.

पिल्लू गुरगुरलं. पुढं झालं. त्यानं त्या माणसाचे पाय हुंगले. मुखरू बंडी छातीशी धरून त्याच्या भुंकण्याची वाट बघत राहिला.

पिल्लू शेपूट हलवायला लागलं.